नामावलीत चार वेळा

वसईजवळच्या जूचंद्र गावच्या बेला केणीने एका दिवसात एकच रांगोळी अकरा वेळा काढली, आणि तिथून तिचं सिनेमातलं आयुष्य सुरू झालं.

ही साधारण पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. बेला तेव्हा बावीस वर्षांची होती. नवरा अल्पेश सातिवलीच्या कारखान्यांचा माल टेम्पोने पोचवायचा. नायगावच्या बाजूला एका मालिकेचा सेट लागला होता आणि लग्नाच्या प्रसंगासाठी दारापुढे रांगोळी हवी होती. जूचंद्रला रांगोळी म्हणजे उंबऱ्याजवळची चार फुलं नव्हेत. इथे माणसांचे चेहरे काढतात, कपाळावरच्या आठ्यांसकट. देवीच्या यात्रेतल्या प्रदर्शनात बेलाने शाळेत असतानाच आपल्या वडिलांचा चेहरा काढला होता. वडील मिठागरात कामाला, उन्हाने रापलेले. ती रांगोळी बघून ते स्वतःच दोन पावलं मागे सरले होते.

सेटवर तिने कमळांची रांगोळी काढली. वरात आली, नवरदेव नेमका तिच्यावर पाय देऊन गेला आणि दिग्दर्शक ओरडला, "परत घ्या!" परत घ्यायचं तर रांगोळी पहिल्यासारखी हवी. सगळे डोक्याला हात लावून बसले. बेला मात्र खाली वाकली आणि वीस मिनिटांत रांगोळी जशीच्या तशी काढून मोकळी झाली. तसं करत दिवसभरात ती रांगोळी अकरा वेळा काढून झाली. संध्याकाळी एक सडपातळ मुलगा हातात फोटोंची चळत घेऊन तिच्याकडे आला.

"ताई, मी सगळे फोटो ताडून बघितले. एका पाकळीचाही फरक नाही. कसं जमलं?"

"हाताला आठवतं," बेला म्हणाली. "मी नाय आठवत बसत."

हा मुलगा म्हणजे रोनाल्ड लोपीस. भुईगावचा, घरी केळीची वाडी, आई शाळेत शिक्षिका. तो तेव्हा चौथ्या नंबरचा सहायक होता, म्हणजे सगळ्यांची बोलणी खाणारा. बेलापेक्षा तीन वर्षांनी लहान. त्याने दुसऱ्या दिवशी तिला कला विभागात नेऊन उभं केलं, "ह्यांना काम द्या." त्या दिवसापासून बेला सेटवर जायला लागली ती लागलीच.

कामं पडतील तशी ती शिकत गेली. नवी भिंत जुनी कशी दाखवायची, तर चहाचं पाणी, माती आणि डिस्टेंपर. पितळेची भांडी दोन पिढ्या वापरल्यासारखी कशी करायची, तर चिंच अर्धवट लावून सोडून द्यायची. शिलाई तिला माहेरीच येत होती, त्यामुळे कपडे उसवले की हाक तिलाच. कुणी तिला काही शिकवायला बसलं नाही. ती बघायची, घरी जाऊन ओट्यावर करून बघायची, बिघडलं तर अल्पेशला दाखवायची. तो म्हणायचा, "मना काय कलतं त्यातलं? पन हे खोटं वाटतं." तेवढं तिला पुरे व्हायचं.

तीन वर्षांनी रोनाल्डने स्वतःचा पहिला चित्रपट करायला घेतला. जवळ पैसा बेताचा, माणसं आठ. बेलाने घर उभं केलं, पडदे शिवले, कपडे रंगवले, दुपारचं जेवणही तिच्याच देखरेखीखाली झालं. सहाव्या दिवशी आत्याचं काम करणारी बाई आलीच नाही. रोनाल्ड पायरीवर बसून राहिला.

"बेलाताई, तू उभी राहशील?"

"कुठं?"

"कॅमेऱ्यासमोर."

बेलाने हातातला ब्रश धुतला, आत्यासाठी शिवलेलं लुगडं नेसली आणि उभी राहिली. प्रसंग असा होता की भाऊ घर सोडून निघालाय आणि आत्याने त्याला थांबवायचं नाही, फक्त डबा द्यायचा. बेलाने डबा दिला आणि झाकण नीट बसलंय का ते दोनदा दाबून बघितलं. हे कागदावर नव्हतं. रोनाल्डने 'कट' म्हणायला बराच वेळ लावला.

तो धरून पाच चित्रपट झाले. प्रत्येकात बेला होती. कला तिची, कपडे तिचे, एखादी भूमिका तिची. एका चित्रपटात बोटीवरच्या कोळणीचा नुसता आवाज हवा होता, तोही तिचाच. गावात कुणीकुणी कुजबुजायचं, ही नवरा सोडून त्या भुईगावकराबरोबर कुठे हिंडते. अल्पेश एकदा नाक्यावर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "ती घरं बांधते. तुमच्या बापजाद्यांनी एक बांधलं, तिनं पन्नास बांधली."

पडद्यावर मात्र बेलाचं नाव यायचं ते शेवटी, माणसं उठून चपला शोधत असताना. 'विशेष आभार' या शब्दांखाली दोन डॉक्टर, एक ग्रामपंचायत आणि बेला केणी. एकदा तर 'बेला केनी' आलं. ती हसली आणि म्हणाली, "आमी बोलतो तसंच लिवलंय, बरोबर हाय." घरी गेल्यावर मात्र तिने घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली.

सहाव्या चित्रपटाची गोष्ट वसईच्या एका मुलीची होती. ती वैद्यकीय शिकायला रशियातल्या लहानशा शहरात जाते. सगळं युनिट तिकडे नेण्याइतकं बळ रोनाल्डकडे नव्हतं. त्याने ठरवलं की रशिया इथेच उभा करायचा. सातिवलीला एक रिकामं गोडाऊन मिळालं. त्यात वसतिगृहाची खोली, जिना, आणि बाहेर बर्फाने भरलेला छोटा रेल्वे फलाट. वसतिगृहाच्या मालकिणीच्या भूमिकेसाठी तेवढी खरी रशियन अभिनेत्री येणार होती. तिचं नाव तमारा. वय अडुसष्ट. दुभाषी म्हणून विरारची क्षितिजा आली. ती तिकडे तीन वर्षं शिकून परतलेली होती आणि रशियन घडाघडा बोलायची.

बेलाने कधी बर्फ बघितला नव्हता. तिने शंभर फोटो बघितले, माहेरच्या ओळखीने मिठागरातून दोन टेम्पो मीठ मागवलं आणि फलाट पांढराशुभ्र केला. पत्रे, बाक, दिव्याचा खांब, सगळ्यावर एकसारखा चार बोटं थर. युनिट बघून हरखून गेलं. कुणी फोटो काढले, कुणी मिठात लोळून घेतलं.

तमारा तिसऱ्या दिवशी आली. ठेंगणी, पांढरे केस मागे बांधलेले, खांद्याला चामड्याची जुनी पिशवी. सेटवर आल्यावर तिने कुणाशी हात मिळवला नाही. ती सरळ फलाटावर गेली, गुडघ्यावर बसली, मूठभर मीठ उचललं, जिभेला लावलं आणि खो खो हसत सुटली. मग उठून चहूकडे बघितलं आणि काहीतरी एकच वाक्य बोलली.

क्षितिजा घुटमळली. "त्या विचारतायत... वारा कुठून येतोय?"

बाकीच्यांना काही कळलं नाही. रोनाल्ड म्हणाला, "आत वारा कुठला? गोडाऊन आहे."

बेलाला मात्र लख्ख कळलं. पाऊस सगळीकडून सारखा येत नाही, खाडीकडच्या भिंतीला शेवाळ धरतं आणि दुसरी भिंत कोरडी राहते, हे ती जन्मापासून बघत आली होती. बर्फ तरी सगळीकडे सारखा कसा पडेल? तिला स्वतःची चूक दिसली.

"त्यांना सांग," ती क्षितिजाला म्हणाली, "वारा त्या दाराकडून येतो. उद्या दुपारपर्यंत मना द्या."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती कामाला लागली, आणि बघते तर तमारा बाह्या सरसावून आधीच हजर. भाषेचा पत्ता नाही, पण दोघींचे हात बोलू लागले. सगळं मीठ झाडून काढलं. वाऱ्याच्या बाजूला, खांबाच्या पायाशी आणि बाकाखाली उतरते ढीग घातले. खाली कागदाचा लगदा, वर संगमरवराची भुकटी, त्यावर मीठ. आडोशाची बाजू जवळजवळ मोकळी ठेवली. तमाराने राख मागितली आणि माणसं चालतात त्या वाटेवर बर्फ मळवला. शेवटी बेला शिडीवर चढली. पिठाची बारीक चाळणी हातात धरून तिने पांढरी रांगोळी वरून अशी भुरभुरवली की ती तरंगत खाली उतरली. खांबाच्या एकाच अंगाला बोटभर रेघ उठली. तमारा शिडी धरून उभी होती. तिने मान वर केली आणि जोरात काहीतरी म्हणाली.

"काय बोलली?" बेलाने विचारलं.

क्षितिजाचे डोळे मोठे झाले होते. "त्या म्हणतायत, हे मी चाळीस वर्षांत कधी करू शकले नाही."

बेला शिडीवरच बसून राहिली. इतक्या वर्षांत तिला "छान", "मस्त", "लवकर झालं" असं पुष्कळांनी म्हटलं होतं. काम जाणणाऱ्या माणसाने असं कधी म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून दुपारचं जेवण दोघी एकत्र घ्यायच्या, मध्ये क्षितिजा. बेला डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणायची. तमाराला तिखट सोसायचं नाही, तरी ती नाक पुसत खायची. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की बेला हा शब्द तिच्या भाषेतही आहे आणि त्याचा अर्थ पांढरी. सावळी बेला यावर पोटभर हसली. ती तिला तमाराबाय म्हणायला लागली आणि मग सगळं युनिटच तसं म्हणू लागलं.

हळूहळू तमाराबायची हकिगत कळत गेली. ती एका नदीकाठच्या गावची. वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. एकोणिसाव्या वर्षी ती स्टुडिओत टोप्या शिवायला लागली. तिथे एक तरुण पहिला चित्रपट करत होता. त्याने कोटांना बटणं लावायला तिला बोलावलं. बटणं लावता लावता तिने सांगितलं की भिंतीचा रंग चुकलाय. त्याने विचारलं, "मग कुठला हवा?" तिने रंगवून दाखवला. त्याच चित्रपटात टपालवाली आजारी पडली म्हणून तिने टपालवालीचं काम केलं. पुढे एकतीस वर्षं दोघांनी मिळून अकरा चित्रपट केले. ती चित्रं काढायची, कपडे शिवायची, भूमिका करायची. एका मुलांच्या चित्रपटात तर तिने बदकाचा आवाज दिला होता. तो आवाज तिने जेवताजेवता काढून दाखवला आणि गोडाऊनमधली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"लग्न केलं त्याच्याशी?" बेलाने विचारलं.

तमाराबायने मान हलवली. क्षितिजा सांगू लागली, "त्या म्हणतात, लोकांना तसं वाटायचं. पण आमचं तसं काही नव्हतं. त्याला माझं काम कळायचं आणि मला त्याचं. घरी माझा नवरा होता, फार चांगला होता, पण भिंतीचा रंग त्याला कळत नव्हता."

"माज्याला पन नाय कलत," बेला म्हणाली.

मग तमाराबायने पिशवीतून एक वही काढली. त्यात तिच्या चित्रपटांची नावं होती, पुढे सालं. पहिल्या सहा नावांपुढे सालाखेरीज काही नव्हतं. सातव्यापासून पुढे प्रत्येकासमोर लाल पेन्सिलीने एक खूण. बेलाने त्यावर बोट ठेवलं.

"पहिल्या सहा चित्रपटांत माझं नाव गर्दीत होतं," क्षितिजा एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. "मला वाटायचं, त्याला कळतंय ना, मग झालं. सातव्याच्या वेळी मी त्याला म्हटलं, मी जे केलं ते सगळं लिही. तो दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, तू आधी कधी मागितलंस नाहीस. ते खरं होतं. मग त्याने सगळं लिहिलं, त्या लाल खुणा त्याच्याच. त्याचं चुकलं आणि माझंही चुकलं."

बेलाने भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला होता. हा तिचाही सहावा चित्रपट होता.

चित्रीकरण संपलं. तमाराबाय परत गेली. जाताना तिने बेलाची चाळणी मागून घेतली. संकलन रोनाल्डच्या भुईगावच्या घरीच चाललं होतं. मार्चमधल्या एका दुपारी त्याने बेलाला बोलावलं. त्याच्या आईने तिच्यापुढे गरम तळलेले पिठाचे फुगे आणि चहा ठेवला. रोनाल्डने संगणकावर नामावली लावली. कला दिग्दर्शन म्हणून मुंबईतल्या एका नावाजलेल्या माणसाचं नाव होतं. चित्रपटात ज्यांनी पैसे घातले होते त्यांना माहितीपत्रकात मोठं नाव हवं होतं. तो माणूस सेटवर दोनदा येऊन गेला होता. शेवटी, आभारांच्या यादीत, बेला केणी. या वेळी बरोबर लिहिलेलं.

"कशी वाटते?" रोनाल्डने विचारलं.

बेलाने चहाचा कप खाली ठेवला. "रोनाल्ड, माजं नाव लिवायचं तर काम केलं ते सगळं लिव. कला. कपडे. स्वयंपाकीन बाईचं काम केलं ते. आनि शेवटाला जिन्यात बाई गाते, तो आवाज माजा हाय."

रोनाल्डला आधी ती थट्टा करतेय असं वाटलं. "एकाच माणसाचं नाव चार वेळा? लोक हसतील, बेलाताई."

"काम चार वेळा केलं तवा कोनी हसलं नाय."

तो म्हणाला, "अगं, तू घरचीच आहेस. म्हणून मी कधी..."

"घरची म्हनून जेवायला बोलव. पडद्यावर मी कामाला आलेली हाय." तिचा आवाज चढला नव्हता. "नसेल जमत तर आभारातनं पन काढ. रिकामं सोड."

ती उठली आणि रोनाल्डच्या आईला "येते" म्हणून निघाली. घरी आल्यावर अल्पेशला सगळं सांगितलं आणि विचारलं, "चुकलं का माजं?" तो म्हणाला, "चुकलं. इतकी वर्षं थांबलीस, ते चुकलं."

आठवडाभर रोनाल्डचा फोन नाही. बेला एका मालिकेच्या सेटवर जात राहिली. आतून तिला वाईट वाटत होतं, कारण भांडण ज्याच्याशी झालं तोच तिचा सगळ्यात जवळचा सोबती होता. तरी माघार घ्यावी असं तिला एकदाही वाटलं नाही.

नवव्या दिवशी, रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून रोनाल्ड थेट जूचंद्रला आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मी त्यांना फोन केला. मुंबईच्या साहेबांना. घाबरत घाबरत केला. ते काय म्हणाले माहितीये? म्हणाले, मी दोनदा आलो आणि दोन्ही वेळा त्या फलाटाचे फोटो काढून घेऊन गेलो. माझं नाव काढ, नाहीतर लोक मला तो बर्फ कसा केला ते विचारतील आणि मला सांगता येणार नाही."

बेलाला हसू आवरलं नाही.

"आणि मी सगळ्या जुन्या चित्रपटांच्या याद्या काढून बसलो," रोनाल्ड पुढे बोलला. त्याची नजर खाली होती. "पाच चित्रपट, बेलाताई. पाचांतून तुझं काम काढलं तर माझ्याकडे नुसते संवाद उरतात. मला लाज वाटली."

"मी पन बोलले नव्हते कधी," बेला म्हणाली. "आता जेवून जा."

तो चित्रपट पुढे एका महोत्सवात गेला. तिथे त्याला एकच पारितोषिक मिळालं, कला दिग्दर्शनाचं. पण बेलाच्या लेखी खरा दिवस होता तो वसईतल्या खेळाचा. अल्पेशने जूचंद्रमधून दोन टेम्पो माणसं आणली होती. पुढच्या रांगेत बेलाची आई बसली होती. ती हयातभर मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिलेली बाई, आणि थिएटरात आयुष्यात तिसऱ्यांदाच आलेली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारी क्षितिजा बसली.

नामावली रोनाल्डने सुरुवातीला आणली होती. कला दिग्दर्शन: बेला केणी. टाळ्या पडल्या. वेशभूषा: बेला केणी. कुणीतरी शिटी मारली. कलाकारांत पुन्हा बेला केणी आणि सगळं थिएटर हसलं. त्या हसण्यात टवाळी नव्हती, कौतुक होतं, आणि रोनाल्डने शेजारून बेलाचा हात दाबला. गायिका: बेला केणी. आता जूचंद्रची माणसं उभीच राहिली.

"चारी येला हीच?" आईने क्षितिजाला विचारलं.

"हो, आजी. चारही वेळा."

"दुसरी मानसं नव्हती काय यांच्याकडं?" आई म्हणाली, आणि पदराने डोळे टिपत पडद्याकडे बघत राहिली.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता तमाराबायचा फोन आला. तिच्या गावाजवळ एक तरुण दिग्दर्शिका चित्रपट करत होती आणि त्यात एक भारतीय घर उभं करायचं होतं, स्वयंपाकघरासकट. तमाराबाय त्यात कला बघत होती आणि आजीची भूमिकाही करत होती. तिने सांगितलं होतं की जोडीला बेला असेल तरच घर उभं राहील, नाहीतर खोटं दिसेल. क्षितिजा फोनवर मध्ये होती.

बेलाने तारखा विचारल्या, राहायचं कुठे ते विचारलं, आणि मग म्हणाली, "त्यांना विचार, नाव कसं येनार?"

पलीकडून तमाराबाय इतक्या मोठ्याने हसली की क्षितिजाला फोन कानापासून दूर धरावा लागला. मग तिने सावकाश, एकेक शब्द सुटा करून उत्तर दिलं: तुझं आणि माझं, एकाच ओळीत, एकाच आकारात.

नोव्हेंबरात बेला चाळीस दिवसांसाठी गेली. बॅगेत दोन स्वेटर होते, शिलाईची पेटी होती, आणि बाकी सगळी जागा पितळेच्या भांड्यांनी भरली होती.